अहिराणी गाणे मी लिहिले, चाल मी बसवली. त्यावर हक्क कोणाचा?

गिरणाकाठ (चाळीसगाव तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी अहिराणीत गाणी लिहितो आणि त्यांना चालीही लावतो. गेल्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी एका स्टुडिओने माझ्याकडून एक गाणे घेतले, दुसऱ्या गायकाकडून ते गाऊन घेतले, त्यावर व्हिडिओ तयार केला आणि स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर टाकला. गाणे चांगले चालले. लग्नसराईत बँडवाले आणि डीजेवालेही ते वाजवू लागले, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु व्हिडिओखाली गायक, नृत्यकलाकार, कॅमेरामन अशा सर्वांची नावे असताना गीतकार आणि संगीतकार म्हणून स्टुडिओच्या मालकांनी स्वतःचे नाव घातले आहे. विचारणा केल्यावर "तुमचे पैसे तुम्हाला पोहोचले आहेत" एवढेच उत्तर मिळाले.

त्यानंतर मी तेच गाणे स्वतःच्या आवाजात, हार्मोनियम आणि ढोलकीच्या साथीवर ध्वनिमुद्रित करून माझ्या चॅनेलवर टाकले. सुरुवातीचा वाद्यतुकडा लोकांच्या ओळखीचा झाला असल्याने तो मात्र स्टुडिओच्या ध्वनिमुद्रणातून घेतला. स्टुडिओने तक्रार केली आणि माझा व्हिडिओ हटवण्यात आला.

माझ्याकडे लेखी म्हणावे असे दोनच कागद आहेत. एक माझी वही, जिच्यात खाडाखोडीसह पूर्ण गाणे तारखेनिशी लिहिलेले आहे. दुसरा म्हणजे स्टुडिओने माझी सही घेतलेल्या पावतीचा मोबाइलवर काढून ठेवलेला फोटो. त्या पावतीवर "एक अहिराणी गीत चालीसह दिले, मानधन रु. ३,००० रोख मिळाले" एवढेच वाक्य, तारीख आणि माझी सही आहे. गाण्याची कोठेही नोंदणी केलेली नाही. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो: अंतऱ्याची चाल पूर्णपणे माझी आहे, पण धृपदाची चाल आमच्याकडे आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर जी गाणी म्हणतात, त्यांच्यातून घेतलेली आहे.

अशा स्थितीत माझा काही हक्क उरतो का? पैसे घेतले म्हणजे गाणे विकले असे होते का? लग्नात गाणे वाजवणाऱ्यांकडून काही मिळू शकते का? आणि ३० सेकंदांपेक्षा कमी भाग घेतला तर चालतो असे अनेक जण सांगतात, ते खरे आहे का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पांझरा (धुळे, वकिली) यांचे उत्तर

गिरणाकाठ भाऊ, तुमचा हक्क उरतो का असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते तो बहुतांशी तुमच्याकडेच आहे. मात्र एका गाण्यात अनेकांचे वेगवेगळे हक्क असतात आणि ते एकच समजल्यामुळे बहुतेक भांडणे होतात, म्हणून आधी ते वेगळे करून पाहू.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्क निर्माण होतो तो रचना करण्यामुळे. नोंदणी ही त्याची अट नाही. नोंदणीपुस्तकातील नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून धरली जाते, एवढेच तिचे महत्त्व आहे, आणि ते कमी नाही. कायद्याचे संरक्षण शब्दयोजनेला आणि स्वररचनेला मिळते, कल्पनेला मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या प्रकरणात हे स्पष्ट केले. सासरी निघालेल्या लेकीवर किंवा केळीच्या बागेत राबणाऱ्या जोडप्यावर गाणे लिहिण्याचा मक्ता कोणालाच मिळत नाही. पण त्या विषयावर तुम्ही ज्या ओळी ज्या क्रमाने रचल्या, त्या तुमच्या असतात.

आता तुमचे गाणे घ्या. शब्द ही साहित्यकृती, तिचे कर्ते तुम्ही. चाल ही सांगीतिक कृती, तिचेही कर्ते तुम्हीच, फक्त तुम्ही सांगितलेला धृपदाचा भाग वगळून. ते ध्वनिमुद्रण ही तिसरी, स्वतंत्र कृती आहे, आणि तिचा कर्ता कायद्याने निर्माता असतो, म्हणजे ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. येथे तो स्टुडिओ आहे. व्हिडिओचेही तसेच. गायकाचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क आणखी वेगळा, तो ५० वर्षे टिकतो. म्हणजे त्या चॅनेलवरच्या व्हिडिओत स्टुडिओचे काहीच नाही असे आपण म्हणू शकत नाही; पण व्हिडिओ त्यांचा म्हणून गाणे त्यांचे, असे त्यांनाही म्हणता येत नाही.

सगळा वाद अखेर त्या पावतीवर येऊन ठरेल, म्हणून तिच्याकडे नीट पाहू. तुम्ही स्टुडिओचे पगारी नोकर असता आणि नोकरीचा भाग म्हणून गाणे लिहिले असते, तर कलम १७ प्रमाणे वेगळा करार नसताना पहिला मालक स्टुडिओ ठरला असता. तुम्ही नोकर नव्हता. त्यामुळे पहिले मालक तुम्ही. मालकी दुसऱ्याकडे जायची असेल तर कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी हवे, त्यावर हक्क देणाऱ्याची सही हवी, आणि कोणती कृती, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात दिले, हे त्यात लिहिलेले हवे. काळ लिहिला नसेल तर तो ५ वर्षे धरला जातो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. तुमच्या पावतीवर सही आहे, रक्कम आहे; पण गाण्याचे नाव नाही, पहिली ओळ नाही, आणि "हक्क" हा शब्दच नाही. "गीत दिले" यातून एवढेच सिद्ध होते की तुम्ही ते ध्वनिमुद्रित करण्यासाठी त्यांच्या हाती दिले. न्यायालय यातून त्या एका ध्वनिमुद्रणापुरती आणि व्हिडिओपुरती परवानगी मानेल असे मला वाटते, आणि त्या परवानगीवर तुम्ही वाद घालू नये असा माझा सल्ला आहे. तुम्ही गाणे त्याच हेतूने दिले होते. मात्र परवानगी मिळाली म्हणून कोणी मालक होत नाही, आणि ती मिळवणाऱ्याला मूळ कर्त्याचे तोंड बंद करता येत नाही.

पावतीवर "सर्व हक्क दिले" असे लिहिलेले असते तरीही दोन गोष्टी तुमच्याकडेच राहिल्या असत्या, आणि आपल्याकडच्या गीतकारांना नेमके हेच कोणी सांगत नाही. पहिली गोष्ट रॉयल्टीची. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, ध्वनिमुद्रणात किंवा चित्रपटात वापरलेल्या गीताचा आणि चालीचा कर्ता आपला रॉयल्टीचा हक्क सोडूनच देऊ शकत नाही. हक्क घेणाऱ्याबरोबर समान वाटणीने त्याला वाटा मिळाला पाहिजे, आणि याविरुद्ध केलेला करार त्या मर्यादेत रद्दबातल ठरतो. अपवाद आहे तो चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणे दाखवण्याचा, आणि तो तुम्हाला लागू होत नाही. ही रॉयल्टी एकट्या माणसाने गोळा करणे कठीण आहे. गीतकार आणि संगीतकारांसाठी मुंबईत १९६९ पासून इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था आहे. तिचे सदस्यत्व घेण्याचा विचार अवश्य करावा.

दुसरी गोष्ट नावाची. कलम ५७ प्रमाणे आपल्या कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा आणि तिची मानहानीकारक मोडतोड रोखण्याचा हक्क कॉपीराइटपासून स्वतंत्र आहे. सर्व हक्क विकल्यानंतरही तो कर्त्याकडे राहतो, आणि त्याच्या पश्चात वारसांना बजावता येतो. दुसऱ्याच्या गाण्याखाली गीतकार म्हणून स्वतःचे नाव घालणे हा मला या सगळ्यातला सर्वांत गंभीर भाग वाटतो. पैशांचा हिशेब उद्याही होईल, पण गाणे चुकीच्या नावाने गाजत राहिले तर वर्षभरात तेच नाव खरे मानले जाते.

हटवलेल्या व्हिडिओबद्दल सांगतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क हा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणापुरता असतो. तुम्ही स्वतःच्या गळ्याने, स्वतःच्या वाद्यांवर गाणे नव्याने मुद्रित केले, त्यात स्टुडिओच्या ध्वनिमुद्रणाचे उल्लंघन नाही. परंतु सुरुवातीचा वाद्यतुकडा जसाच्या तसा घेतला आहे, आणि तेवढ्या भागापुरती त्यांची तक्रार खरी आहे. ३० सेकंदांची सवलत भारतीय कायद्यात कोठेही नाही. कलम ५२ मध्ये खासगी उपयोग, समीक्षा, वृत्तांकन अशा हेतूंसाठी रास्त वापराची मुभा आहे, सेकंदांचे माप नाही. यूट्यूबवर काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे तक्रारीला लेखी हरकत, देता येते; ती दिल्यानंतर तक्रारदाराने कामकाजाच्या १० दिवसांत न्यायालयीन कारवाई केल्याचे दाखवले नाही, तर सामान्यतः व्हिडिओ पुन्हा दिसू लागतो. पण तक्रार चुकीने झाल्याचे त्यात शपथपूर्वक सांगावे लागते, आणि तो तुकडा आत असेपर्यंत तुम्ही असे सांगू नये. त्याऐवजी नवा वाद्यतुकडा रचा, गाणे पुन्हा मुद्रित करा आणि नव्याने टाका. त्यानंतरही तक्रार आली तर मात्र काउंटर नोटिफिकेशन जरूर द्या.

लग्नाबद्दल थोडक्यात: धार्मिक विधीत वाजवलेले गाणे कलम ५२ प्रमाणे उल्लंघन ठरत नाही, आणि त्यातच लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभ धरलेले आहेत. बँडवाल्यांकडून काही मागू नये.

आता करायच्या गोष्टी. वही जपा, तिची पाने फाडू नका, स्वच्छ प्रत काढून मूळ टाकून देऊ नका. खाडाखोड हाच रचना तुमची असल्याचा उत्तम पुरावा आहे, कारण नक्कल करणारा खोडत नाही. स्टुडिओला पाठवलेले व्हॉट्सॲप संदेश किंवा चालीचे ध्वनिमुद्रण फोनमध्ये असेल तर तो फोन विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावे लागते. शब्द आणि चाल या कायद्याने वेगळ्या कृती असल्यामुळे दोन वेगळे अर्ज करून नोंदणी करा. प्रत्येकी ५०० रुपये शुल्क आहे, अर्ज ऑनलाइन होतो, आणि आक्षेपांसाठी ३० दिवस ठेवलेले असतात. चालीच्या अर्जात धृपदाची चाल पारंपरिक असल्याचे स्पष्ट लिहा.

मग वकिलामार्फत नोटीस पाठवा, आणि तिच्यात आधी नाव दुरुस्त करण्याची मागणी ठेवा. दाव्याची वेळ आलीच तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या न्यायालयात, म्हणजे जळगावला, दावा लावता येतो. स्टुडिओ कोठेही असला तरी तुम्हाला त्याच्या गावी जावे लागत नाही. नुकसानभरपाईची मुदत उल्लंघनापासून ३ वर्षे आहे. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंडाची तरतूद कॉपीराइट कायद्याच्याच कलम ६३ मध्ये आहे खरी, परंतु एका गाण्याच्या श्रेयासाठी पोलीस ठाण्यापासून सुरुवात करणे मला योग्य वाटत नाही.

ओवीसंग्रह (जळगाव, निवृत्त शिक्षिका) यांचे उत्तर

वकीलसाहेबांनी कायदा उत्तम उलगडून सांगितला आहे. मी केवळ धृपदाच्या चालीविषयी लिहिते, कारण आखाजीची, कानबाईची आणि जात्यावरची गाणी गोळा करण्याचे काम मी पुष्कळ वर्षे केले आहे.

परंपरेने आलेली चाल कोणाच्याच मालकीची नाही, हे खरे. ती तुम्हालाही वापरता येते, स्टुडिओलाही, आणि उद्या एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनालाही. त्यामुळे तुमच्या धृपदाची चाल दुसऱ्या गाण्यात ऐकू आली तर तक्रार करता येणार नाही. परंतु "पारंपरिक" हा शब्द लिहिण्यापूर्वी एक चौकशी अवश्य करावी. मी गाणी उतरवून घेत असताना अनेकदा असे घडले की बायका ज्याला जुने गाणे म्हणत होत्या, ते खोदून विचारल्यावर त्याच गल्लीतल्या एखाद्या आजीने स्वतः जुळवलेले निघाले. तिने ते कधी लिहिले नाही, कोणाला सांगितले नाही, शेजारणींनी उचलले, सुनांनी माहेरी नेले, आणि पाहता पाहता ते सगळ्यांचे झाले. अशी रचना करणारी बाई हयात असेल किंवा तिच्या मृत्यूला ६० वर्षे झाली नसतील, तर ती चाल लोकांची झाली असे म्हणता येत नाही. तुम्ही ज्या बायकांकडून ती ऐकली, त्यांच्याजवळ बसून ती कोणाकडून आली हे विचारा.

लिहिता न येणारी व्यक्ती कर्ती असू शकते का, अशी शंका मला नेहमी विचारली जाते. आपल्या बहिणाबाई चौधरींचेच उदाहरण पुरेसे आहे. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्या रचत गेल्या आणि मुलगा सोपानदेव व इतर आप्तांनी त्या ओळी कागदावर उतरवल्या. लिहून घेणारा लेखनिक असतो; रचना ज्याच्या मनात झाली तो कर्ता असतो. बहिणाबाईंचे निधन ३ डिसेंबर १९५१ रोजी झाले आणि गाण्यांचा संग्रह १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्त्याच्या निधनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे हा सर्वसाधारण नियम आहे, आणि मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या साहित्याला प्रकाशनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे मोजतात. त्यामुळे २०१२ च्या अखेरीस ती मुदत संपली आणि आज त्यांच्या कविता कोणीही छापू शकतो, गाऊ शकतो. मात्र त्या कवितांना नंतरच्या एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल आणि तिचे ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असतात. कविता मोकळी झाली म्हणून कॅसेटवरची चाल मोकळी झाली असे आपल्याकडे सर्रास समजले जाते, ते बरोबर नाही.

म्हणूनच गाणी उतरवून घेणाऱ्या तरुणांना मी सांगते की गाण्याखाली गाव आणि सांगणाऱ्या बाईचे नाव, तिची परवानगी घेऊन, लिहीत जा. लोकपरंपरेची नोंद आपण जेवढी काटेकोर ठेवू, तेवढे नंतर कोणी ती आपल्या नावावर चढवू पाहील तेव्हा उत्तर देणे सोपे जाईल.

नंदनगरी (नंदुरबार, छायाचित्रकार) यांचा उपप्रश्न

विषयाला धरूनच विचारतो. लग्नात मी काढलेले फोटो माझ्या दुकानाच्या फलकावर लावले तर वधूपित्याने हरकत घेतली. फोटो काढणारा मी, मग हक्कही माझाच नाही का?

पांझरा (धुळे, वकिली) यांचे उत्तर

नंदनगरी भाऊ, येथे उत्तर गाण्याच्या उलट आहे. कलम १७ मध्ये मोबदला देऊन काढून घेतलेले छायाचित्र, व्यक्तिचित्र किंवा चित्रपट यांच्यासाठी खास नियम आहे: वेगळा करार नसेल तर पहिला मालक पैसे देऊन काम सांगणारा असतो. गाणे आणि कविता त्या यादीत नाहीत. त्यामुळे लग्नाचे काम घेताना "निवडक छायाचित्रे दुकानात व ऑनलाइन दाखवण्याची परवानगी आहे" असे एक वाक्य ऑर्डरच्या कागदावर छापून ग्राहकाची सही घेत चला. स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या खर्चाने काढलेले निसर्गाचे किंवा उत्सवाचे फोटो मात्र काढणाऱ्याचेच.

गिरणाकाठ यांचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ओवीसंग्रह ताई, धृपदाची चाल मी माझ्या मावशीकडून ऐकली होती; तिच्याकडे आणि तिच्या शेजारणींकडे चौकशी करतो. वाद्यतुकडा नव्याने बसवायला घेतला आहे. दरम्यान दुसऱ्या एका स्टुडिओने पुढच्या गाण्यासाठी करारपत्र पाठवले आहे. त्यात "गीताचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, जगभर" असे लिहिले आहे, आणि मानधन आधीपेक्षा बरे आहे. सही करावी का? नाही म्हटले तर काम दुसऱ्याला जाईल, ही भीतीही आहे.

पांझरा (धुळे, वकिली) यांचे उत्तर

काम सोडू नका, कागद बदलून मागा. स्टुडिओलाही गुंतवलेल्या पैशांची सुरक्षितता हवी असते, त्यामुळे एकदम नकार देण्यापेक्षा नेमके काय द्यायचे हे सांगितले तर बहुतेक जण ऐकतात. गाण्याचे नाव आणि पहिली ओळ लिहा. "सर्व हक्क" काढून "या गायकाच्या आवाजात एक ध्वनिमुद्रण आणि त्यावर एक व्हिडिओ तयार करून प्रसारित करण्याचा हक्क" असे घाला. मुदत ५ किंवा १० वर्षे ठेवा. "सर्व माध्यमांत" याचा अर्थ करार करताना अस्तित्वात असलेली माध्यमे एवढाच होतो. करारात त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर उद्या निघणारे माध्यम त्यात येत नाही, हे कायद्यातच आहे. घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर, वेगळी मुदत ठरलेली नसल्यास, हस्तांतरण संपुष्टात येते. ते कायद्यात आहेच, तरी करारातही लिहून घ्या. मानधन आणि रॉयल्टी या दोन स्वतंत्र ओळी असाव्यात, एकीत दुसरी मिसळू देऊ नका.

व्हिडिओवर आणि त्याखालच्या माहितीत गीतकार व संगीतकार म्हणून तुमचे नाव कोणत्या शब्दांत येईल, ते करारात अवतरणचिन्हांत लिहून घ्या. स्वतःच्या कार्यक्रमात आणि स्वतःच्या चॅनेलवर स्वतः गाण्याची मुभा राखून ठेवा, कारण या वेळी नेमके तेथेच अडले. करार दोन प्रतींत करा, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत त्याच दिवशी घरी आणा. मसुदा तयार झाला की नावे झाकून येथे टाका, पाहून देतो.